त्रेपन्न नंबरची झडप

मस्तगड, जालना
२१ मे १९७६

गिरिजाअक्का,

जयभीम. तुझ्या घरात आता हा शब्द चालतो की नाही, मला माहीत नाही. मला दुसरा येत नाही.

माझं अक्षर बघून आधी तुझ्या मनात बाबांचंच आलं असेल, म्हणून सांगून टाकते, बाबा ठणठणीत आहेत. रोज पहाटे कुंडलिका नदीपर्यंत फिरून येतात आणि आल्यावर चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतात. मी लिहितेय ते वेगळ्याच कामासाठी. सरळच विचारते. काल दुपारी तू जिनिंगच्या ऑफिसातून फोन केला होतास का?

माझी नोकरी तुला ठाऊक नसणार, कारण मी लागले तेव्हा आपलं बोलणं बंद झालेलं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसते, दिवसाच्या पाळीला. कुणी आपल्या फोनची दांडी फिरवली की माझ्यासमोर त्याच्या नंबरची छोटी पितळी झडप खाली पडते. मी तिथं कॉर्ड लावते, विचारते, जोडून देते. आग, अपघात, साप चावलेला माणूस, अडलेली बाई, सगळं आधी माझ्या कानात येतं. मग मी नगरपालिकेचा बंब काढायला सांगते, नाहीतर दवाखान्याची गाडी. घाबरलेली माणसं पत्ता सांगत नाहीत. "जल्दी या" म्हणतात आणि ठेवून देतात. पण झडपेवर नंबर असतो, त्यामुळे कुठं जायचं ते मला कळतं.

काल भर दुपारी त्रेपन्न नंबरची झडप पडली. त्रेपन्न म्हणजे सुरजमल शेठचं जिनिंग, अंबड रस्त्यावरचं, जिथं तुझे मालक रेच्यावर सरकी काढून रुई करायच्या कामाला आहेत आणि मागच्या लायनीत तुमची खोली आहे. एक बाई बोलली, "आग लागली. गाडी पाठव. पोरगी आत हाय, रुईत झोपलीय. निघाली का?" मी तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला.

मी बंब पाठवला. बंबवाले रखमाजी तासाभरात परत आले आणि मला फोन करून म्हणाले, "बाई, ऑफिसात अन् रेच्यांकडं चिटपाखरू न्हाई. ऑफिसला कुलूप हाय. हंगाम संपला की शेठ कुलूप लावून जातेत, तुमाला ठाव न्हाई का?" वर साहेबांकडून माझी कानउघाडणी झाली ती वेगळीच.

तर अक्का, मी दिवसभर गावाचे आवाज ऐकते. कोणता अडत दुकानदार सर्दी झालीय म्हणून असा बोलतो आणि कोणता प्यालाय म्हणून, ते मला पहिल्या शब्दाला कळतं. कालचा आवाज तुझा होता. खोडी काढली असशील तर तसं लिही, मी रागावणार नाही. सायकलवर येऊन विचारलं असतं, पण मागच्या खेपेला तू मला बघून दार लावून घेतलंस, म्हणून पोस्टाचा खर्च केला.

तुला मुलगी झाली हे मला बाजारात कळलं. नाव काय ठेवलंस?

बेबीनंदा


मस्तगड, जालना
९ जून १९७६

गिरिजाअक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

त्या दिवसापासून झडप रोज पडते. वेळ तीच, दुपारची, गाव जेवून आडवं झालेलं असतं आणि बोर्डावर एकही आवाज नसतो तेव्हा. शब्द तेच. शेवटी "निघाली का?" आणि मग काही नाही. मी "अक्का" म्हणून हाक मारली, "कोण बोलतंय" म्हणून दरडावलं. तिला माझं काही ऐकू येत नाही असं वाटतं.

आमच्याकडे नियम आहे. आगीचा फोन खोटा वाटला तर उलटी घंटी द्यायची. म्हणजे आपण त्याच नंबरला फोन लावायचा आणि कुणी उचलून हो म्हटलं तरच बंब काढायचा. मी रोज उलटी घंटी देते. बंद खोलीत ती वाजत राहते, कुणी उचलत नाही. म्हणून मी बंब पाठवत नाही आणि मग संध्याकाळपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.

साहेबांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, आमच्या लाइनमनला तपासायला पाठवलं. देवानंद नाव त्याचं, तू पाहिला असशील, कमरेला पक्कड लावून तुमच्या फाटकातून आत आला होता. शेठच्या माणसाला बोलावून त्यानं कुलूप काढलं. परत आल्यावर तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"फोनवर बोटभर धूळ हाय. कुणी हात लावेल न्हाई."

"तारेत बिघाड असेल."

"तार बराबर हाय. झडप पडली तर एखादवेळी वाऱ्यानं पडली म्हणू. पण बाई, त्या फोनमधले सेल शेठच्या माणसानं काढून ठेवलेत. सेल न्हाईत तर त्याच्यातून आवाज येतच न्हाई. तुम्ही ऐकलं काय?"

अण्णासाहेबांनी मात्र निकाल लावून टाकला. लाईन नादुरुस्त. आमच्याकडे एखादी झडप उगाच पडून त्रास देऊ लागली की तिच्या फटीत आगकाडी खोचून ठेवतात, म्हणजे ती पडत नाही. त्यांनी स्वतः खोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी झडप आतून थरथरायला लागली, पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तशी. मला ते बघवेना. मी काडी काढली, झडप पडली, आणि तू बोललीस.

तू नव्हेस. ती.


मस्तगड, जालना
२ जुलै १९७६

अक्का,

मी बाबांना सांगितलं. आपल्या बाबांना असली गोष्ट सांगायची म्हणजे काय, ते तुला वेगळं समजवायला नको. छप्पन सालानंतर घरातले देव टोपलीत घालून नदीवर नेणारा माणूस. तू तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी अंबडच्या देवीला नवस बोललीस म्हणून त्यांनी उंबरठा बंद केला, आणि मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले. आजही राहीन. दोन लेकरं गेली, तिसरं जगलं, ते डॉक्टरीणबाईंमुळे जगलं असंच मी म्हणेन. तुला राग येऊ दे.

बाबा बाजेवर बसून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "भूत नसतंय."

"मीबी तेच म्हणते."

"मंग कोण बोलून राह्यलं?"

"गिरिजा बोलतेय, बाबा. पण ती काही मेलेली नाही. जिवंत माणसाचं भूत कसं होईल?"

त्यांनी पान लावलं, सावकाश. मग विचारलं, "आग आजून लागली न्हाई ना?"

अक्का, इतके दिवस मी हा आवाज कुठून येतो हे शोधत होते. तो केव्हाचा आहे, पुढचाही असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खोटं असंल तर तुझं पाकीट वाया जाईल," बाबा म्हणाले. "पोरीला लिही."

म्हणून लिहिते. मला माहीत आहे की हंगामात जिनिंगवरच्या बाया आपली लेकरं रुईच्या ढिगावर झोपवून कामाला लागतात. मऊ असतं, ऊब असते, पोरं रडत नाहीत. आपल्या आईनं आपल्याला तसंच झोपवलं होतं, बाबाच सांगतात. हंगाम सुरू झाला की तू मुलीला तिथं झोपवू नकोस. कुठंही झोपव, पण रुईत नको. एवढंच मागते.

आणि ऑफिसातला फोन बघून ठेव. डब्याच्या उजव्या अंगाला दांडी असते, ती जोरात फिरवायची आणि मग कानाला लावायचं. मी असेनच.

बेबी


(पोस्टकार्ड)
सुरजमल शेठचे जिनिंग, अंबड रोड
१८ जुलै १९७६

बेबे,

तुझी तीनी पत्रं भेटली. मी फोनला हात लावला न्हाई, मला तो लावताबी येत न्हाई. तू अन् बाबा देव मानत न्हाई, भूत मानत न्हाई, मंग हे काय लिहून राह्यली? माझ्या नवसाला तुम्ही हसलात. आता माझ्या पोरीवर आग लागायची गोष्ट लिहिती, तुझी जीभ कशी उचलती? आमचे हे म्हणतेत तुझ्या बहिणीला आपलं बरं चाललेलं बघवंना. पोरगी कुठं झोपवायची ते मी बघून घेईन. इथं पाळणा बांधायला जागा न्हाई अन् रुईत झोपून कुणाचं लेकरू मेल्याचं मी ऐकलं न्हाई.

तिचं नाव अंबिका हाय. बाबाला सांग, म्हंजे त्यांना बरं वाटंल.

गिरिजा


मस्तगड, जालना
२२ नोव्हेंबर १९७६

अक्का,

तुझं कार्ड बाबांना वाचून दाखवलं. नावापाशी मी अडखळले, तेव्हा म्हणाले, "वाच की. चोरी केली का तिनं?" मग अंगणात जाऊन बसले. तुझं बोलणं मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

हंगाम सुरू झाला. गाड्या कापूस भरून आमच्या खिडकीखालून जातात, रस्ताभर बोंडं सांडतात. मला वाटलं होतं, आता ऑफिस उघडलं, फोनमध्ये सेल घातले, माणसं आली, म्हणजे तरी ते थांबेल. थांबलं नाही. परवा झडप पडली, ती बोलली, आणि मी लगेच उलटी घंटी दिली. तुमच्या मुनीमजींनी, गोपीकिशननी, पहिल्याच घंटीला उचललं.

"बोलो."

"आत्ता तुमच्याकडून कुणी फोन केला का?"

"मी तर इथंच फोनजवळ बसून हाय, बाई. कुणी न्हाई केला."

"आग वगैरे?"

"आग लागो तुमच्या तोंडाला. रोज काय विचारून राह्यल्या? शेठना सांगू का?"

मागून रेच्यांची घरघर ऐकू येत होती. तिच्या बोलण्यामागे ती घरघर कधीच नसते, अक्का. तिच्यामागे भट्टीसारखा एक सूर असतो, आणि कुणीतरी लांबून तुझ्या नावानं ओरडत असतं. भाऊजींचा आवाज आहे. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं.

शेठनी तक्रार केली आहे. अण्णासाहेब म्हणाले, त्रेपन्न नंबरला पुन्हा विनाकारण घंटी दिली किंवा बंब काढला तर मला घरी बसवतील. आमच्या घरात येणारा पगार हा एकच, ते तुला माहीत आहे. ते रोज सकाळी काडी खोचतात आणि मी ती काढते. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

आता मुख्य गोष्ट. देवानंद हे पत्र घेऊन येतोय, त्याच्याकडे एक गाठोडं आहे. त्यात बाबांचं धोतर आहे. दीक्षेला नवं घेऊन नेसले होते ते, पांढरंशुभ्र. वीस वर्षं ट्रंकेत होतं. मी कामावरून आले तर बाबा ते पायरीवर घेऊन बसले होते, दुहेरी करून कडेला गाठी मारत होते. मला म्हणाले, "तिच्या खोलीसमोर लिंब हाय ना? त्याला झोळी बांधाय सांग. माझ्या नातीला रुईत कशाला झोपवती म्हणावं, तिला आजा हाय."

मी त्यांच्या शेजारी बसून उरलेल्या गाठी आवळल्या.

माझं ऐकू नकोस, अक्का. भुताचंही ऐकू नकोस. पण बाबांचं धोतर परत पाठवू नकोस. ते म्हातारं रोज विचारतंय, देवानंद कधी जाणार म्हणून.

बेबी


मस्तगड, जालना
२९ जानेवारी १९७७

अक्का,

परवा तू बाबांच्या गळ्यात पडून रडत होतीस आणि अंबू माझ्या कडेवर माझ्या वेणीशी खेळत होती, तेव्हा मला काही सांगता आलं नाही. लोकही फार होते. राखेतून अजून धूर येत होता. तुझी बाजू तू सांगितलीस. आता माझी ऐक.

त्या दुपारी मी डबा खाऊन बोर्डावर येऊन बसले. सगळं शांत होतं. तिची वेळ झाली. झडप पडली नाही. मी वाट बघितली. मला वाटायला हवं होतं की सुटले. पण तसं वाटलं नाही. इतके महिने ती एक दिवस चुकली नव्हती, सणासुदीला नाही, रविवारी माझ्या जागी बसणारीलाही नाही. मग मी जवळ वाकून पाहिलं. सकाळी मी काढलेली काडी परत खोचलेली होती. मी जेवायला उठले तेवढ्यात अण्णासाहेबांनी खोचली असणार. आणि झडप तिच्यामागे थरथरत होती.

मी काडी उपटली. झडप आपटली.

"आग लागली. गाडी पाठव."

तेच शब्द, तोच आवाज, मागे तोच सूर. पण या वेळी रेच्यांचा पट्टा तुटल्यासारखी धडधडही ऐकू आली. मी पुढच्या वाक्यासाठी डोळे मिटून घेतले. पोरगी आत हाय, हे वाक्य मला पाठ होतं, ते यायच्या आधीच माझ्या कानात वाजत होतं.

"बेबे, तूच हाय ना? किती घंट्या मारल्या, कोनी उचलंना. माणसं बादल्यांनी पाणी टाकून राह्यलेत, न्हाई आटपत. जल्दी पाठव."

मी म्हटलं, "अंबू?"

"झोळीत हाय. लिंबाला. निघाली का?"

"निघाली," मी म्हणाले.

उलटी घंटी दिली नाही. रखमाजींना फोन लावला तर ते म्हणाले, "बाई, पुन्हा त्रेपन्न? साहेबाला इचारलं का?" मी म्हणाले, "माझी बहीण हाय तिथं. या घडीला निघा, नोकरी माझी जाईल, तुमची न्हाई." ते निघाले. मग दवाखान्याची गाडी, मग पोलीस.

तू म्हणालीस की बंब यायच्या आत रुईचा कोठा बसला. ज्या ढिगावर बाया लेकरं झोपवायच्या, तो सगळ्यात आधी पेटला. त्या दिवशी तिथं एकही लेकरू नव्हतं, कारण तुझी झोळी बघून बाकीच्यांनीही लिंबाला आपापली लुगडी बांधली होती. अक्का, त्या काडीमुळे तू किती वेळ दांडी फिरवत होतीस ते मला माहीत नाही. विचारणारही नाही. बाबांचं धोतर नसतं तर त्या वेळात काय झालं असतं, याचा विचार मी रोज रात्री निजायच्या आधी करते आणि मग उठून दिवा लावते.

माझी नोकरी राहिली. अण्णासाहेबांनी आगकाड्यांची पेटी स्वतःच खिडकीतून बाहेर टाकली.

बेबी


मस्तगड, जालना
६ मार्च १९७७

अक्का,

अंतरवाली सराटीला तुमचं बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. जिनिंग पुन्हा उभं राहील असं कुणी म्हणत नाही, तेव्हा भाऊजींनी भावाच्या रानात कामाला लागायचं ठरवलं ते चांगलंच केलं. बाबांना अंबूचा फोटो हवा आहे. तिच्या नावाचा राग ते आता धरत नाहीत, मात्र पूर्ण अंबिका म्हणत नाहीत. अंबू म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, मी हसते का ते.

तू विचारलंस म्हणून सांगते. विचारलं नसतंस तर सांगितलं नसतं.

ती अजून बोलते.

जिनिंगच्या ऑफिसची नुसती भिंत उरली आहे. फोन वितळून गोळा झाला, देवानंदनं तो माझ्यासमोर आणून ठेवला होता. खांबापासून आतली तार त्यानं गुंडाळून आणली. बोर्डावरच्या त्रेपन्न नंबरला आज काहीही जोडलेलं नाही. आणि रोज दुपारी ती झडप पडते. "आग लागली. गाडी पाठव. पोरगी आत हाय, रुईत झोपलीय. निघाली का?"

मला आधी वाटलं होतं, ती तुझी पुढची हाक आहे. घडणार होतं ते तिनं आधी सांगितलं, टळलं, आता ती गप्प होईल. तसं नाही. तिच्या बाजूला टळलेलं नाही, अक्का. तिला झोळी मिळाली नाही. तिथं कुणी धोतर ट्रंकेतून काढलं नाही, बहिणीनं पत्र लिहिलं नाही, किंवा लिहिलं आणि तिनं फाडून टाकलं. ती कोण आहे ते मला सांगता येत नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "माणूस हाय. उत्तर दे."

तेव्हापासून मी उत्तर देते. आधी तिला ऐकू जायचं नाही. आता जातं, कारण "निघाली का?" नंतर ती लगेच फोन ठेवत नाही. मी म्हणते, "निघाली, अक्का. रखमाजी निघालेत. पोरगी बाहेर हाय, लिंबाच्या झोळीत हाय, बाबांचं धोतर हाय." ती ऐकते. तिचा श्वास ऐकू येतो. मग हळूच ठेवते. मला वाटतं तिला पटलं, आता ती झोपेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा पहिल्यापासून विचारते, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. अण्णासाहेब त्या वेळी उठून बाहेर जातात. माझ्या जागी ज्या दिवशी दुसरी बसते, तिलाही मी शिकवून ठेवलंय काय बोलायचं.

तू लिहिलंस की एकदा येऊन ऐकायचंय. नाही ऐकवणार. दुसरं काहीही माग. तिनं जर पलीकडून तुझा आवाज ऐकला, आणि तुझ्या कडेवर अंबू रडली, तर मी तिला काय सांगू?

पाडव्याला या सगळे. बाबांनी अंगणात खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, झोळी परत घेऊन या म्हणतात. फक्त येताना एक्स्चेंजच्या रस्त्यानं येऊ नका, आणि दुपार टळल्यावर या. त्या वेळेला मी दुसऱ्या गिरिजाशी बोलत असते.

तुझी,
बेबी